सेमाग्लुटाइड नापास झालं, म्हणून काय सिद्ध झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अल्झायमरमधल्या पेशींच्या चयापचयावरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची अल्झायमरवरची चाचणी फसली तेव्हाच ‘मेंदूच्या पेशींना ग्लुकोज नीट वापरता येत नाही’ ही दिशा बाद झाली, मी सांगितलेलं स्टॅनफर्ड विद्यापीठाचं काम उंदरांवरचं आहे, आणि अशा लेखांमुळे घरी पेशंट सांभाळणाऱ्यांना खोटी आशा लागते. आईंचं सगळं तुम्हीच बघता, असंही लिहिलंत. म्हणून उत्तर उरकून टाकावंसं वाटलं नाही.

आधी सेमाग्लुटाइड. नोव्हेंबर 2025 मध्ये हे औषध बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले 3,808 लोक, तोंडाने घ्यायची गोळी, दोन वर्षं. रक्तातल्या आणि मणक्यातल्या द्रवातल्या काही खुणा थोड्या सुधारल्या, पण स्मृती आणि रोजचे व्यवहार औषध घेणाऱ्यांचे आणि न घेणाऱ्यांचे सारख्याच वेगाने ढासळले. यात पळवाट नाही. मधुमेहाचं हे औषध अल्झायमर रोखत नाही, एवढं या चाचण्यांनी स्वच्छ दाखवलं.

पण तुम्ही त्यापुढे जाता, आणि तिथे मी तुमच्यासोबत नाही. हे औषध मुख्यतः स्वादुपिंड, जठर, भूक यांवर काम करतं; मेंदूच्या आतल्या भागात ते फारच थोडं पोचतं. पंपहाऊसमधला दाब वाढवला म्हणून शेवटच्या घरातल्या नळाला पाणी येईलच असं नाही. नळाच्या तोंडाशीच गंज असेल तर मुळीच नाही.

अशी निराशा याआधीही झाली आहे. रोसिग्लिटाझोन हे मधुमेहाचं आणखी एक औषध मोठ्या चाचण्यांत निरुपयोगी ठरलं. नाकातून इन्सुलिन देण्याच्या अमेरिकेतल्या चाचणीत 289 जण होते. फवारणीचं साधन मध्येच बदलावं लागलं आणि 2020 साली निकाल आला तो फायदा नसल्याचा. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट डिमेबॉनची. रशियातलं हे जुनं अ‍ॅलर्जीचं औषध मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना, आधार देतं असं मानलं जात होतं. 2008 साली 183 रुग्णांवरचे निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले तेव्हा केवढा उत्साह होता! 2010 मध्ये मोठ्या चाचणीत त्यातलं काहीच उरलं नाही. ‘खोटी आशा’ हे शब्द तुम्ही वापरलेत तेव्हा मला डिमेबॉनच आठवलं.

तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ अगदी ओझरती आली आहे, पण माझ्या मते तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे: पेशी मरायला लागल्या की ग्लुकोजचा वापर कमी होणारच, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? याचं अर्धं उत्तर एरिक रायमन यांच्या अ‍ॅरिझोनातल्या कामात आहे. 2004 साली त्यांनी अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-4 हे जनुक असलेल्या विशी-तिशीतल्या निरोगी माणसांचे पेट स्कॅन (मेंदू ग्लुकोज किती वापरतो ते दाखवणारे) केले. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांत ग्लुकोजचा वापर घटतो, त्याच भागांत तो याही माणसांत कमी दिसला. आजाराचं वय येण्याच्या कितीतरी दशकं आधी! म्हणजे सगळी घट पेशी मेल्यामुळे होते असं म्हणता येत नाही. अर्धं उत्तर म्हणतो, कारण अशा लोकांचा मेंदू मुळातच थोडा वेगळा घडलेला असू शकतो.

आता स्टॅनफर्ड. कॅट्रिन अँड्रियासन यांच्या गटाचं हे काम ऑगस्ट 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. त्यात लक्ष चेतापेशींवर नाही, त्यांना पोसणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवर आहे. या पेशी ग्लुकोज मोडून लॅक्टेट तयार करतात आणि ते चेतापेशींना इंधन म्हणून देतात. आयडीओ-1 हे विकर (एन्झाइम) ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कायन्युरेनिन नावाचं रसायन बनवतं. अल्झायमरमधल्या अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांमुळे ते वाढतं, कायन्युरेनिन साचतं, ग्लुकोज मोडण्याचं काम मंदावतं आणि चेतापेशी उपाशी राहतात. विकर अडवल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागातला ग्लुकोजचा वापर आणि त्यांची स्मृती दोन्ही सावरली. शिवाय हे केवळ उंदरांवरचं नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट आणि चेतापेशींतही लॅक्टेटचा पुरवठा सुधारला. बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मान्यच. आयडीओ-1 अडवणारी औषधं कर्करोगासाठी माणसांना देऊन झाली आहेत. तिथे 2018 मध्ये एक मोठी चाचणी अपयशी ठरली, पण ती औषधं माणसाला सोसतात का याची बरीच माहिती हाती आली. सत्तरीपुढच्या माणसाने ती वर्षानुवर्षं घेतली तर काय, हा प्रश्न उरतोच, कारण हे विकर प्रतिकारशक्तीशीही जोडलेलं आहे.

‘औषध पोचलंच नाही’ असं म्हणत प्रत्येक अपयश झटकता येतं, हे मला कळतं. अमायलॉइड हेच मूळ कारण मानणाऱ्यांनी नेमकं हेच अनेक वर्षं केलं. शेवटी अमायलॉइड हटवणारं लेकानेमॅब हे औषध आलं, पण 1,795 जणांच्या चाचणीत दीड वर्षानंतर फरक दिसला तो 18 गुणांच्या मापावर 0.45 गुणांचा. म्हणून माझी अट आधीच सांगून ठेवतो. एखाद्या औषधाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमधला ग्लुकोजचा वापर वाढला, हे स्कॅनवर दिसलं, आणि तरीही दोन वर्षांत स्मृती तशीच ढासळत गेली, तर ही दिशा चुकली असं मी म्हणेन. सेमाग्लुटाइडच्या निकालाने ती अट पूर्ण होत नाही.

आईंबद्दल एवढंच सांगतो. स्मृतीसाठी म्हणून सेमाग्लुटाइड सुरू करू नका. त्यात वजन आणि भूक घटते, आणि या वयात तेच नको असतं. मधुमेहासाठी ते आधीच चालू असेल तर हा निकाल वाचून बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. खोबरेल तेलाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्यातल्यासारख्या मध्यम लांबीच्या स्निग्धाम्लांपासून शरीर कीटोन (ग्लुकोजऐवजी चालणारं इंधन) बनवतं, आणि अल्झायमरमध्येही मेंदू कीटोन बऱ्यापैकी वापरू शकतो, इथवर ते खरं आहे. पण याच तत्त्वावरचं एसी-1204 हे प्रायोगिक औषध मोठ्या चाचणीत उपयोगी ठरलं नाही. जेवणात आवडीने खात असतील तर खाऊ द्या. औषध म्हणून चमच्याचमच्याने पाजू नका.