मिसळीवर खापर, दुखणं अपेंडिक्सचं
गरोदरपणातल्या पोटदुखीवरच्या तुमच्या लेखात, शेवटच्या महिन्यांत पोट दुखलं की कळा नाहीतर गॅस, एवढंच आलंय म्हणून लिहितोय. आमच्या वहिनीला ३२वा आठवडा चालू होता, उजवीकडं बरगडीच्या खाली दुखायला लागलं आणि घरात सगळ्यांनी आदल्या दिवशीच्या मिसळीवर खापर फोडलं (कोल्हापुरात दुसरं काय होणार म्हणा), जवळच्या दवाखान्यातनं पण अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. रात्री उलट्या, ताप. दुसऱ्या मॅडमनी आधी बीपी, प्लेटलेट आणि लिव्हरच्या टेस्ट बघितल्या, कारण हेल्प सिंड्रोममध्ये (गरोदरपणात लिव्हर आणि प्लेटलेट बिघडवणारा गंभीर आजार) पण तिथंच दुखतंय, ते सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत आणि अपेंडिक्स तर दिसलंच नाही, मग रंगाचं इंजेक्शन न देता एमआरआय केला तेव्हा सापडलं, चांगलं सुजलेलं. गर्भाची पिशवी वाढली की अपेंडिक्स वर सरकू शकतं म्हणे, म्हणून दुखणं भलतीकडंच. सूज आली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर गरोदरपणात तशाही १५-१६ हजारांपर्यंत जातात, त्यामुळं नुसत्या रक्तावरनं पण काय कळत नाही. त्याच रात्री ऑपरेशन झालं, पोरगी ३८व्या आठवड्यात झाली, दोघी एकदम ठणठणीत. मिसळवाल्या मामांची माफी तेवढी अजून कुणी मागितली नाही.