स्वस्त गोळी अंगी लागू न देण्याचे उपाय

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. टेल्मिसार्टन 40 तीच, फक्त आता ब्रँडची नाही, जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावाने विकली जाणारी, आणि तीही सरकारी जनऔषधी केंद्रातून आणायची. सरकार म्हणतं, इथली औषधं 50 ते 90 टक्के स्वस्त. एवढं ऐकूनही तुम्हाला गरगरलं नसेल, तर तुमचं प्रकृतीकडे साफ दुर्लक्ष आहे.

गोळी घ्यायच्या आधी किंमत वाचा. न वाचता घेतलेल्या गोळीने बीपी गुपचूप खाली येण्याची भीती असते. मग अर्धा तास काही न करता अंगात काय काय होतंय ते बघत बसा. कालपर्यंतची जळजळ मिसळीची होती, आजची गोळीची. डॉक्टरांकडे गेलात की एवढंच म्हणा, "सूट होत नाही हो." बीपी मात्र मोजू देऊ नका. त्या यंत्राला किंमत कळत नाही.

यात कमीपणा वाटायला नको, चांगले शिकले-सवरलेले देशही हेच करतात. न्यूझीलंडमध्ये 2007 साली थायरॉइडच्या एका गोळीचा रंग आणि आकार बदलला. कंपनी तीच, आतलं औषधही तेच. आधीच्या 30 वर्षांत तक्रारी आल्या होत्या 14. नंतरच्या दीड वर्षात चौदाशेच्या वर. पेपरांत-टीव्हीवर जिथे जास्त गाजलं, तिथे त्रासही जास्त झाला.

स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचायचा नाद करू नका. तुमच्या लाडक्या ब्रँडवर 'मार्केटेड बाय'पुढे मुंबईची बडी कंपनी आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'पुढे हिमाचलातल्या बद्दीचा कुठला तरी कारखाना निघाला, तर पुढची जळजळ कोणाच्या नावावर टाकणार?

दर्जाविषयी खऱ्या शंका असतात. फिटच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्यांत थोड्या फरकानेही बिघडू शकतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. पण असलं रुक्ष बोलणं आपल्याला शोभत नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी काढते, तीही उघडू नका. तिच्यात नावाजलेले ब्रँड भेटतात.

कोणी नियमांवर बोट ठेवलंच तर ऑगस्ट 2023 ची आठवण द्या. डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानेच लिहावीत, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढला आणि तीन आठवड्यांत स्थगितही केला. खुद्द आयोगाला सूट झालं नाही, तिथे तुमचं-आमचं काय!

चारचौघांत मात्र जनऔषधीला नावं ठेवू नका. "गरिबांसाठी फार चांगली योजना आहे," असं म्हणावं. उरलेल्या गोळ्याही फेकू नका. कामाला येणाऱ्या मावशींना बीपी आहे ना, त्यांना द्या. त्यांना लगेच गुण येतो.