कोड डिलीट केला म्हणजे गाडी दुरुस्त झाली? नाही भाऊ

राजेहो, नागपूरच्या गाडीवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला, की चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला तर ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र) घ्या, कोडमधे ज्या पार्टचं नाव दिसते तो बदला, कोड डिलीट करा, झालं काम. असं नसते.

कोडमधे पार्टचं नाव दिसलं तरी तोच पार्ट खराब झाला असं नसते, कोड कुठलं रीडिंग बिघडलं तेवढं सांगतो. पी०१७१ घ्या, यात पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, पुढचा ० म्हणजे सगळ्या कंपन्यांत अर्थ एकच (तिथं १ असला तर कंपनीचा स्वतःचा कोड), आणि पूर्ण कोडचा अर्थ मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. मानेवाड्याच्या आमच्या एका मित्रानं हाच कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलला, वर्धा रोडला लागला नाही तर लाइट परत हजर! निघालं काय तर व्हॅक्यूमच्या रबरी पाइपाला बोटाच्या पेराएवढी चीर, तिथून जास्तीची हवा आत जात होती. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता.

आणि डिलीट केलं की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे कोड आला तेव्हाचा आरपीएम, स्पीड, इंजिनचं टेम्परेचर, जे मेकॅनिकला सगळ्यात कामाचं असते. म्हणून आधी स्क्रीनचा फोटो काढा.

लाइट नुसता लागून असला तर हळू गॅरेजपर्यंत जाता येते, ऑइल न् टेम्परेचरचा लाइट नसला तर. ब्लिंक होत असला तर मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, न् ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा पार्ट) तापवून खराब करते, तेव्हा गाडी साइडला घ्या.