पुणे की नागपूर? आधी प्रॅक्टिकलची खोली बघा

बहिणीच्या मुलीचा नीटमध्ये नंबर लागला नाही. ड्रॉप घ्यायचा नाही, बायोलॉजीतच बीएस्सी करायची, हे तिचं तिनेच ठरवलं आणि मला मनापासून बरं वाटलं. आता घरात एकच विषय: पुणे की नागपूर? परवा रात्री दहाला तिचा फोन. "मावशी, तू बारावीला बायो शिकवतेस न, तूच सांग. पुण्याचं नाव मोठं आहे म्हणतात सगळे."

नाव मोठं आहेच. पुणे विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, पाषाणला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एनसीएल आणि विज्ञानाचं शिक्षण-संशोधन करणारी आयसर, शिवाय आघारकर संशोधन संस्था. पण बीएस्सीची मुलं तिथे शिकत नाहीत. (आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस वेगळा, त्याची परीक्षाही वेगळी. ती ज्याला निघाली त्याने बिनधास्त जावं. आमच्या मुलीने दिलेली नाही.) बाकी सगळे शिकतात कॉलेजात. पदवीवर नाव विद्यापीठाचं असतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कांद्याचं मूळ हातात देणारी मॅडम कॉलेजची असते. आणि माझं ठाम मत आहे की बायोलॉजी त्या मुळापासूनच कळते.

म्हणून गेल्या आठवड्यात तिला घेऊन नागपुरातली दोन कॉलेजं पाहिली. नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात, आणि मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकृत्या उतरवत बसलेली. मला माझेच दिवस आठवले. आठ जणांत एक सूक्ष्मदर्शक, त्यातही काच धुरकट. पेशी विभागताना मी पहिल्यांदा पाहिली ती एमएस्सीला, आणि ती तीन वर्षं गेल्याचं दुःख अजून जात नाही.

दुसऱ्या कॉलेजात एक मॅडम स्वतः मुलांसोबत उभ्या होत्या. मुळांची टोकं सकाळीच कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवलेली, कारण कांद्याच्या पेशी सकाळी जास्त विभागतात. मग ॲसिटोकार्माइनचा लाल रंग, स्लाइडला हलकी आच, वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने सरळ दाब. अंगठा जरा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात. एका मुलीची स्लाइड तीनदा बिघडली, चौथ्यांदा तिला मेटाफेज दिसला, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तो टप्पा. ती ओरडलीच. आमची पोरगी तिच्या शेजारून हलेना.

प्राण्यांची चिरफाड २०१४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) थांबवली, ते योग्यच झालं. पण त्या तासांना आता काय करून घेता, हे प्रत्येक कॉलेजात विचारा. उत्तरात फक्त तक्ते आणि व्हिडिओ आले तर पुढच्या कॉलेजात जा, मग ते पुण्याचं असो की इथलं.

आणि बाहेर पाहायचं तर नागपूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. पळस, मोह, तेंदू, साग पुस्तकातून पाठ करायची गरजच काय? उमरेड-कऱ्हांडला, पेंच, ताडोबा, सगळं सकाळी निघून पोहोचण्यासारखं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, आणि गवत डायनासोरच्या काळातही होतं हे जगाला कळलं. आपल्या विदर्भाच्या मातीतून! संस्थाही आहेत: कापूस संशोधन, लिंबूवर्गीय फळांचं संशोधन, मृदा सर्वेक्षण, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी. चांगले सर असतील तर मुलांना तिथवर नेतात.

मुलीचे बाबा म्हणतात, पुण्यात 'एक्स्पोजर' मिळतं. मिळतं, पण खोलीभाडं आणि मेसही तीन वर्षं भरावी लागते. एमएस्सीला जॅम, सीयूईटी-पीजी किंवा त्या त्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन पुण्यालाच काय, देशात कुठेही जाता येतं आणि त्या पेपरला तुमचं कॉलेज कुठलं हे कोणी विचारत नाही. तो पैसा तेव्हासाठी राखून ठेवा, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ताई अजून गप्प आहे.

तरी पुण्याची दोन कॉलेजं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही, असं पोरीला सांगितलंय. पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आम्ही दोघी निघतोय. गेल्या तीन-चार वर्षांत पुण्यात किंवा नागपुरात बॉटनी-झूऑलॉजी घेऊन बीएस्सी केलेलं कुणी असेल तर एवढंच सांगा: पहिल्या वर्षात स्वतःच्या हाताने किती स्लाइड केल्या?