जोतं आणि छप्पर

रायगडावरचा राजवाडा पुन्हा बांधावा की नाही, यावर घरच्या ग्रुपवर तीन दिवस रण माजलंय. २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून दादाला स्फुरण चढलंय. त्याचं म्हणणं, १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागून जाळला ना, मग उभारा. म्हणजे सिमेंटचे खांब, वर सागवानी रंग. नुसत्या कल्पनेने माझं डोकं उठतं.

मी राहते इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी इथलं कॅथीड्रल जाळलं. जुन्याची नक्कल करायची नाही असं ठरलं. भिंती तशाच उघड्या ठेवल्या आणि लागूनच वास्तुरचनाकार बॅसिल स्पेन्सने नवं बांधलं, १९६२ साली. आत जॉन पायपरची रंगीत काचेची खिडकी आहे, डबा खायला गेलं की तिचा पिवळा रंग अंगावर पडतो. नव्या कॅथीड्रलच्या उद्घाटनासाठी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने 'वॉर रिक्विएम' ही संगीतरचना लिहिली ती एक इंग्लिश, एक जर्मन, एक रशियन अशा तीन गळ्यांसाठी. रशियन गायिकेला सोव्हिएत सरकारने येऊ दिलं नाही, तिच्या जागी उत्तर आयर्लंडची बाई गायली. जखम भरायची तर अशी, हे मी ग्रुपवर लिहिलं. जरा जास्तच लांब लिहिलं.

दादाने उत्तरादाखल जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा फोटो टाकला. तिथलं फ्राउएनकिर्श चर्च तुझ्या इंग्रजांनीच पाडलं, २००५ मध्ये हुबेहूब उभं राहिलं, त्याचं काय? 'तुझ्या इंग्रजांनी' हे मला लागलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे नकाशे होते, ढिगाऱ्यातले काळे दगड निवडून परत बसवलेत. आपल्याकडे लाकडी वाड्याचं काय उरलंय? घुमटावरचा क्रॉस घडवणाऱ्या लंडनच्या सोनाराचे वडील त्याच बॉम्बफेकीतले वैमानिक होते, हे मात्र मी सांगितलं नाही. मुद्दा त्याच्या बाजूने गेला असता. कॉव्हेंट्रीने युद्धातून वाचलेली काही जुनी लाकडी घरं पुढे मूळ जागेवरून उचलून स्पॉन स्ट्रीटवर नेऊन मांडली, तेही नाही.

जळक्या कॅथीड्रलच्या वेदीमागे कोरलंय: 'फादर फर्गिव्ह'. 'देम', म्हणजे 'त्यांना', नाही, नुसतं फर्गिव्ह. शुक्रवारी दुपारी तिथे प्रार्थना होते, मी कधीकधी मागे उभी राहते. एकोणीस वर्षं ज्या सरकारला कर भरते, त्याच्याच तोफा पोटल्यावर होत्या. मग मी माफी मागणाऱ्यांत की माफ करणाऱ्यांत? जवळ उभ्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का? आहे, म्हटलं, आणि रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या पायरीबद्दल सांगायला गेले, तर तिच्यावर कोरलेल्या 'सेवेचे ठायी तत्पर'ला इंग्रजीच सुचेना.

काल दादाने विचारलं, गड शेवटचा कधी चढलीस? चढले कधीच नाही. २००९च्या मे महिन्यात रोपवेने गेले होते. राजवाड्याच्या जोत्यावर पाच मिनिटं उभी राहिले आणि मग सगळा वेळ सावली शोधत हिंडले.