डॉजर्सचं दिवाळं आणि मालकाचा फायदा

बेसबॉलच्या गप्पा निघाल्या की सध्या लॉस एंजेलिस डॉजर्सच्या पैशाचा विषय निघतोच. शोहेई ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, आणि मग पैशाच्या जोरावर सगळं जिंकतात ही तक्रार. त्या वादात मला शिरायचं नाही. मला लिहायचंय ते याच क्लबच्या २०११ सालाबद्दल. त्या एप्रिलमध्ये पगार भागवायला मालकाला ३ कोटी डॉलर उसने घ्यावे लागले होते आणि २७ जूनला क्लबने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. बेसबॉलमधल्या सर्वात श्रीमंत बाजारपेठांपैकी एका शहरातला क्लब, आणि पगाराला पैसे नाहीत!

मालक होता फ्रँक मकोर्ट, मूळचा बॉस्टनचा जमीन-बांधकाम व्यावसायिक. २००४ मध्ये त्याने रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज कॉर्पकडून डॉजर्स ४३ कोटी डॉलरला घेतले. यातला फार मोठा भाग कर्जाचा होता. काही कर्ज तर विकणाऱ्या कंपनीनेच दिलं, त्यासाठी दक्षिण बॉस्टनमधली पार्किंगची जमीन तारण घेतली आणि पुढे ती जमीन आपल्याच ताब्यात घेतली. हा सगळा व्यवहार लीगच्या, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्या मेजर लीग बेसबॉलच्या, डोळ्यांसमोर झाला. इतर क्लबांच्या मालकांनी मतदान करून त्याला मंजुरी दिली. पुढे जे झालं त्याचं खापर एकट्या मकोर्टवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही ते याचमुळे.

बाकीचं पती-पत्नीच्या घटस्फोटामुळे बाहेर आलं. ऑक्टोबर २००९ मध्ये संघ लीग अजिंक्यपदाची मालिका खेळायला उतरणार, त्याच्या आदल्या दिवशी दोघं वेगळे झाल्याची बातमी आली. जेमी मकोर्ट तेव्हा क्लबची मुख्य कार्यकारी अधिकारी होती. मालिका संपताच नवऱ्याने तिला पदावरून काढलं. मग दोन्हीकडच्या वकिलांनी कागद उघडले. लॉस एंजेलिसच्या होल्म्बी हिल्स या श्रीमंत वस्तीत दोन घरं, मालिबूच्या किनाऱ्यावर दोन घरं. दोन मुलांना क्लबकडून मिळून वर्षाला सहा लाख डॉलर, त्यातला एक शिकत होता आणि दुसरा दुसरीकडे नोकरीला होता. बॉस्टनमध्ये टीव्हीसमोर बसून संघाला शुभ ऊर्जा पाठवणाऱ्या एका माणसालाही पैसे दिले जात होते. वर्तमानपत्रांनी यावर खूप मथळे केले, लोक हसले. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा पैसा यात जात होता.

पण माझ्या मते सगळ्यात गंभीर भाग घरांचा नाही, पार्किंगचा आहे. डॉजर स्टेडियम टेकडीवर आहे, चहूबाजूंनी पार्किंगची मोठी मैदानं आहेत आणि बहुतेक प्रेक्षक गाडीनेच येतात. मकोर्टने क्लबचे तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले. पार्किंगची जमीन एका कंपनीकडे, संघ दुसऱ्या कंपनीकडे. मग स्वतःच्याच मैदानाभोवतीच्या जमिनीसाठी संघ वर्षाला १ कोटी ४० लाख डॉलर भाडं मालकाच्याच कंपनीला देऊ लागला. येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर आणखी कर्ज काढता येत होतं. म्हणजे उद्या येणाऱ्या प्रेक्षकाचे पैसेही आजच गहाण! लीगने नंतर न्यायालयात आरोप केला की मकोर्टने क्लबमधून १८ कोटी ९० लाख डॉलर बाहेर काढले. लीगच्या वकिलांनी त्यासाठी लूट हा शब्द वापरला.

ही जमीन मिळाली कशी, हेही विसरू नये. आज मैदान आहे त्या शावेझ रवीन भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्या १९५० च्या दशकात सरकारी घरबांधणीच्या नावाखाली उठवल्या गेल्या. ती घरं झालीच नाहीत, जमीन क्लबकडे गेली आणि १९६२ ला तिथे मैदान उभं राहिलं. ज्या जमिनीसाठी लोकांनी घरं गमावली, ती एका माणसाच्या कर्जाची हमी झाली.

३१ मार्च २०११ ला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या एका चाहत्याला याच पार्किंगमध्ये दोघांनी मारहाण केली. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. मकोर्टच्या कर्जामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. ज्युरीने २०१४ मध्ये सुरक्षेतल्या निष्काळजीपणासाठी क्लबला जबाबदार धरलं, मकोर्टला वैयक्तिकरीत्या धरलं नाही. पण त्या वर्षी लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. संघाच्या क्लेटन कर्शॉने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, मॅट केम्प तुफान खेळला, तरी प्रेक्षकसंख्या ३० लाखांच्या खाली घसरली.

लीगचे प्रमुख, कमिशनर बड सीलिग यांनी त्या एप्रिलमध्ये क्लबच्या कारभारावर देखरेख बसवली आणि जूनमध्ये फॉक्स या टीव्ही कंपनीबरोबरचा प्रक्षेपणाचा करार नाकारला, कारण आगाऊ मिळणाऱ्या रकमेतला मोठा वाटा मालकाच्या खासगी देण्यांकडे जाणार होता. निर्णय बरोबर होता, पण सात वर्षं उशिरा आला. आधीच्या वर्षी टेक्सस रेंजर्स दिवाळखोरीत गेले होते. न्यूयॉर्क मेट्सचे मालक बर्नी मॅडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्याने अडचणीत आले, तेव्हा लीगने त्यांना गाजावाजा न करता अडीच कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. आम्हालाच वेगळा न्याय का, हा मकोर्टचा प्रश्न मला बिनबुडाचा वाटत नाही.

क्लब ज्यांचे पैसे देणं लागत होता त्यांच्या, दिवाळखोरीच्या अर्जातल्या यादीत माजी खेळाडू मॅनी रामिरेझचे सुमारे दोन कोटी दहा लाख डॉलर होते. आणि विन स्कली यांचं नाव होतं. १९५० पासून, क्लब ब्रुकलिनमध्ये होता तेव्हापासून, त्याचं समालोचन करणारा माणूस. त्यांचे १,५२,७७८ डॉलर थकले होते. तो आकडा वाचून मला जेवढा राग आला तेवढा त्या घरांचा आला नव्हता.

मग शेवट काय झाला? मार्च २०१२ मध्ये गुंतवणूकदार मार्क वॉल्टर, माजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन आणि त्यांच्या भागीदारांनी क्लब २०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. जेमीला घटस्फोटात १३ कोटी १० लाख मिळाले, कर्जं फिटली, आणि तरीही मकोर्टकडे भरपूर उरलं. पार्किंगच्या जमिनीतला हिस्साही राहिला. २०१६ मध्ये त्याने ऑलिंपिक मार्सेय हा फ्रेंच फुटबॉल क्लब घेतला. डॉजर्सची किंमत त्याने वाढवली नव्हती. ती त्या शहराने, तीन-तीन पिढ्या निळी टोपी घालणाऱ्या घरांनी आणि टीव्हीच्या वाढत्या भावांनी वाढवली होती.

पुणेकरांना हे परकं वाटू नये. सहाराने २०१० मध्ये पुणे वॉरियर्स ३७ कोटी डॉलरला घेतली, २०१३ मध्ये बँक हमीच्या वादात संघच संपला आणि गहुंजेच्या मैदानावरचं नाव उतरलं. प्रेक्षकाला कोणी काही विचारलं नाही.

माझी मागणी साधी आहे. क्लब घेणाऱ्याचे स्वतःचे पैसे किती, कर्ज किती, तारण काय आणि मैदानाची जमीन कोणाच्या नावावर राहणार, हे मंजुरीच्या मतदानाआधी जाहीर करा. खासगी व्यवहार आहे, असं होत नसतं, हे उत्तर मला मान्य नाही. बेसबॉलमधल्याच अटलांटा ब्रेव्ह्जचे शेअर बाजारात आहेत, त्यांचा हिशेब दर तिमाहीला कोणालाही वाचता येतो. अमेरिकन फुटबॉलमधले ग्रीन बे पॅकर्स चाहत्यांच्याच मालकीचे आहेत आणि दरवर्षी आकडे जाहीर करतात. दोन्ही क्लब व्यवस्थित चालू आहेत.