आई-बाबांना चेडरची घळ कशी दाखवावी

आई-बाबा तीन महिन्यांसाठी पुण्याहून इंग्लंडला आलेत, लंडन उरकलंय, तर पुढचा शनिवार सॉमरसेटमधल्या चेडरच्या घळीसाठी राखून ठेवा. सातला निघायचं ठरवा, म्हणजे दहाला निघता येतं. मधले तीन तास दशम्यांना लागतात. तिकडे खायला मिळतं हे आईला सांगू नका. तिला ते माहीत आहे, म्हणूनच तर दशम्या.

घळीत शिरलात की दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, सगळ्यात उंच जागी १३० मीटरच्या वर. बाबा विचारतील, "नदी कुठाय?" इथे उत्साह आवरा. हिमयुगात जमीन गोठलेली, त्यामुळे वितळलेल्या बर्फाचं पाणी वरून वाहिलं, त्यानं खडक कापला, थंडी सरल्यावर नदी भेगांतून खाली उतरली आणि आजही डोंगराच्या पोटातून वाहते, एवढं सगळं सांगून झालं की ते म्हणतात, "म्हणजे नदी नाहीच." आईला शिवथरघळ आठवते. तिथे धबधबा तरी आहे.

गॉफच्या गुहेत छताच्या लवणस्तंभाला टोकाशी एक थेंब लोंबत असतो. फुगतो, थरथरतो, पडत मात्र नाही. कणभर चुना मागे ठेवून जायला त्याला वेळ लागतो. तुम्हाला कुठला वेळ? फोटो काढा नि पुढे व्हा. (माझ्या फोटोत माझाच अंगठा आलाय, पण छान आलाय.) "हे कोणी कोरलं?" "पाण्यानं." "हं. वेरूळ माणसांनी कोरलंय." या वाक्याला उत्तर नसतं, शोधू नका.

पुढे फळ्यांवर कापडात गुंडाळलेलं चीज मुरत ठेवलंय, वर करडी बुरशी. तिथून आईला चटकन हलवा. फ्रिजमधल्या दोन दिवसांच्या आमटीवरून तिला जे ऐकवलंत, ते व्याजासकट परत मिळेल.

मग चेडर मॅन. १९०३ साली इथे सापडलेला, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा. २०१८ साली जाहीर झालेल्या डीएनए तपासणीनुसार माणूस बहुधा सावळ्या-काळ्या वर्णाचा आणि निळसर डोळ्यांचा. तेव्हा मध्ये समुद्र नव्हता, त्यामुळे त्याचे पूर्वज युरोपातून चालत आले. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडून व्हिसा मिळवलेल्या बाबांच्या तोंडाकडे या वेळी बघू नये. आई आंघोळीचा विषय काढेल. खरी हाडं लंडनच्या संग्रहालयात आहेत, ही नक्कल आहे, असं सांगा. नकलेचं सुतक लागत नाही.

राहता राहिला जेकब्ज लॅडर, कड्यावर नेणारा जिना. पायऱ्या २७४. हा आकडा बाबांना आधी सांगायचा नाही. मी सांगितला. "पर्वतीला १०३," म्हणाले आणि मोजत चढले. वर पोचल्यावर मेंडिपच्या टेकड्यांकडे पाठ करून म्हणाले, "२७१ भरल्या." आणि पुन्हा मोजायला खाली उतरले.